डोकं थोरल्याकडे, पाय धाकट्याकडे

मेव्हण्याच्या चपला जमिनीला खिळ्यांनी ठोकून ठेवणारा माणूस म्हणून गल्ली मला ओळखते. धंद्याने मी सुतार, सगळे मिस्त्री म्हणतात, पण नाव झालं ते उद्योगांमुळे. मित्राच्या नव्या घराच्या दाराला मी मूठ बिजागरीच्या बाजूला बसवली होती. येईल तो पाहुणा ती धरून ओढतोय, आणि आम्ही खिडकीतून बघत पोट धरून बसलोय. एका गिऱ्हाइकाने तर चेष्टा मुद्दाम मागून घेतली. त्याला पाहुण्यांसाठी अशी खुर्ची हवी होती की चहा संपला की माणूस आपोआप उठला पाहिजे. मी तिचे पुढचे दोन पाय बोटभर आखूड केले. बसणारा हळूहळू दाराकडे घसरत जातो. ती खुर्ची अजून आहे, पाहुणे मात्र कमी झालेत.

या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. लोक मोबाइलवर फोटो दाखवतात, मिस्त्री, हे डिझाइन पाहिजे. मी हो म्हणतो. पण डिझाइन घरातल्या माणसांनी आधीच करून ठेवलेलं असतं. म्हाताऱ्याची खुर्ची दाराकडे तोंड करून असते, कारण कोण कधी आलं याचा हिशोब त्याला ठेवायचा असतो. ज्या घरात जावा-जावा एकमेकींशी बोलत नाहीत तिथे एकाच ओट्याला दोन सिंक मागतात, वर म्हणतात सोय होते. मी फळ्या मारतो. भांडण त्यांचं, फेविकॉल माझा.

सिस्टरचं घर मात्र वेगळं होतं. सिस्टर म्हणजे आमच्या गल्लीतल्या रिटायर नर्सबाई. पायात कायम पांढरे मोजे, घरातसुद्धा. त्यांच्या हॉलच्या बरोब्बर मधोमध एक लोखंडी खाट होती, हॉस्पिटलने मोडीत काढलेली. नवरा आजारी पडला तेव्हा त्यांनी ती आणली आणि मुद्दाम मध्ये ठेवली. पडल्या पडल्या त्याला स्वयंपाकघर दिसावं, दार दिसावं, दोन्ही पोरांच्या खोल्या दिसाव्यात. नवरा गेला, खाट तिथेच राहिली, सिस्टर तिच्यावर झोपायला लागल्या. सगळं घर त्या खाटेकडे तोंड करून बसलेलं. टीव्ही तिच्याकडे वळलेला, दिवा तिच्यावर, खुर्च्या तिच्याभोवती. पोरं तिच्यावर अभ्यास करून मोठी झाली, सुना आल्यावर पेपर पसरून तिच्यावरच भाजी निवडायला लागल्या. मीसुद्धा किती वेळा तिच्यावर बसून चहा प्यायलोय.

पोरं दोन. थोरला घड्याळं दुरुस्त करतो. बोलतो इतकं हळू की जणू तोंडात बारके स्क्रू धरलेत. धाकटा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. त्याला एक सवय जडलीय, खुर्चीत बसला असला तरी घाबरला की उजवा पाय जमिनीवर दाबतो. ब्रेक.

भांडण म्हणाल तर नव्हतं. आधी दोन गॅस झाले, मग दोन बेल झाल्या, मग मामांना बोलावलं. मामा म्हणजे सिस्टरचे भाऊ, नात्यागोत्यात वाटण्या करून देणारे गृहस्थ. त्यांनी ठरवलं, हॉलच्या मधून भिंत घालायची, अर्धं घर याचं, अर्धं त्याचं. भिंत लाकडाची, म्हणजे काम माझं.

सिस्टर म्हणाल्या, "घाला. भिंतीने काय होतंय, वॉर्डात पण पडदे असतात."

पहिल्या दिवशी मी आखणी करायला गेलो. आम्ही सूत मारतो, म्हणजे निळीत बुडवलेला दोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचा आणि टिचकी मारायची, की सरळ निळी रेघ उमटते. दोरा ताणला तर तो बरोब्बर खाटेवरून गेला. सिस्टर खाटेवर बसलेल्या.

"उठू का?"

"बसा हो, तुम्हाला कशाला त्रास."

मी टिचकी मारली. पांढऱ्या चादरीवर निळी रेघ उमटली, त्यांच्या मांडीला लागून. सिस्टरनी रेघेकडे बघितलं आणि हसत विचारलं, "मग आता मी कुठे?"

थोरला म्हणाला, "बघू ना आई." धाकटा म्हणाला, "बघू की." सिस्टरही म्हणाल्या, बघा. धुळीने खोकला होतो म्हणून दुसऱ्या दिवशी मामा त्यांना आपल्याकडे घेऊन गेले. काम झालं की परत आणतो म्हणाले. खाट आम्ही तेवढ्यापुरती गच्चीवर नेऊन ठेवली.

त्याच आठवड्यात थोरल्याने मला दुकानावर बोलावलं. डोळ्यावरची भिंगाची वाटी न काढताच बोलला.

"मिस्त्री, माझ्या बाजूला भिंतभर कपाट करा. खोल करा."

"खोल केलं तर खाट नाही बसायची."

"हां," तो म्हणाला, आणि एका घड्याळात फुंकर मारली. "नाहीच बसायची मग. काय करणार. जागाच नाही म्हटल्यावर. आणि आमच्या हिला पण जमत नाही हो, खोटं कशाला बोला."

दोन दिवसांनी धाकट्याने मला गाडीत बसवलं. वर 'शिकाऊ' अशी पाटी.

"मिस्त्री, माझ्याकडे लांब टेबल. भिंतीला फिक्स."

"घडीचं करतो ना, रात्री मिटवलं की खाट पडेल."

"घडीचं नको. फिक्सच." त्याने उगाचच ब्रेक दाबला, गाडी उभी असताना. "दादाकडे मोठी खोली आहे. आई तिथे बरी. माझ्याकडे जागा असती तर मी काय नाही म्हणालो असतो? पण बायकोचं पण बघावं लागतं."

तुम्हाला सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दोघे भाऊ एकमेकांपासून लपून एकाच सुताराकडून आईसाठी जागा नसल्याचं सर्टिफिकेट बनवून घेतायत. असा माल आयुष्यात एकदाच हाती लागतो. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही यात पडू नका." मी म्हटलं, पडत नाही, फक्त दाखवतो. मामा वाटणी बघायला येतील तेव्हा सगळे असतील, त्यांच्यासमोर दाखवायचं, दोघांचे चेहरे बघायचे, सगळे हसतील, संध्याकाळपर्यंत काढून टाकायचं. चार स्क्रूवर सगळं. सिस्टर नंतर येणार होत्या.

कपाट केलं, टेबल केलं, जसं सांगितलं तसं. फक्त कपाट आणि टेबल दोन्ही थोडे थोडे बाजूला सरकवून मध्ये एक जागा सोडली, आणि तिथे भिंतीला एक चौकोनी भोक पाडलं. त्या भोकातून आरपार एक पलंग बसवला. अर्धा थोरल्याच्या घरात, अर्धा धाकट्याच्या. भोक किती मोठं? आडवा झोपलेला माणूस आरपार मावेल एवढं. दोन्हीकडे छोटे पडदे लावले, रेल्वेच्या डब्यासारखे. वरून एक चादर टाकून सगळं झाकून ठेवलं. भाऊ विचारायचे, हे काय, तर मी म्हणायचो, भिंतीला आधार, ओलं आहे, हात लावू नका.

तो दिवस उजाडला. थोरला, त्याची बायको, धाकटा, त्याची बायको, सगळे थोरल्याच्या बाजूला जमले. थोड्या वेळात मामा आले, दम लागलेला, आत येऊन बोलायला तोंड उघडत होते, पण मला कुठला धीर. मी चादर ओढली.

"मामा, बघा वाटणी. थोरल्या साहेबांकडे खाटेला जागा नाही, कारण कपाट. त्यांनीच सांगितलं, खोल करा. धाकट्या साहेबांकडे जागा नाही, कारण टेबल. त्यांनीच सांगितलं, फिक्स करा. आणि दोन्ही वहिनींच्या शब्दाबाहेर जाता येत नाही. म्हणून गरीब सुताराने न्याय केला. डोकं थोरल्याकडे, पाय धाकट्याकडे. डोकं दुखलं तर बाम थोरल्याने लावायचा, पाय दुखले तर धाकट्याने चेपायचे. वाद मिटला."

मी स्वतःच हसायला सुरुवात केली, म्हणजे बाकीच्यांना सोपं जातं. मामांच्या तोंडून एक 'हॅ' निघाला आणि तिथेच थांबला. थोरला भिंतीकडे बघत होता. धाकट्याचा पाय ब्रेकवर.

थोरली वहिनी म्हणाली, "कोणाच्या शब्दाबाहेर?"

"अगं, ते तसं नाही," थोरला म्हणाला.

"मला विचारलं होतंत?"

धाकटी नुसती नवऱ्याकडे बघत राहिली. ती लग्नाआधीपासून ओळखते सिस्टरना, तिच्या भावाचा जन्म सिस्टरच्या हातचा. ती म्हणाली, "मी तर खिडकीजवळची जागा झाडून ठेवली होती."

आता माझी खरी मजा सुरू व्हायची वेळ होती. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"अरे वा, रंग छान दिलाय."

सिस्टर. हातात पिशवी, पायात पांढरे मोजे, जिना चढून चेहरा घामेजलेला. मामा पुटपुटले, "तेच सांगत होतो, ती पण आलीय म्हणून." त्या दारात कधीपासून उभ्या होत्या कोणाला माहीत. कोणीही विचारलं नाही.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. पलंगाजवळ आल्या, गादीवर तळवा दाबून बघितला, नर्सबाई ना, सवयच ती. पडदा सरकवून पलीकडे बघितलं. मी मध्ये बोलायला हवं होतं. सिस्टर, ही चेष्टा आहे, संध्याकाळी काढतोय. वाक्य तयार होतं, स्क्रू ड्रायव्हर खिशात होता. पण मी हातातल्या चादरीची घडी घालत राहिलो.

"कडक आहे. चांगलं. पाठीला कडकच लागतं," असं म्हणून त्या बसल्या आणि आडव्या झाल्या.

त्यांचं डोकं आमच्याकडे होतं. पाय भिंतीत गेले. धाकटा का कोण जाणे बाहेरून वळसा घालून आपल्या बाजूला पळत गेला, आणि भोकातून मला दिसलं, त्याच्या समोर आईचे दोन पांढरे मोजे बाहेर आले. टाचेला एक शिवलेला. तो तिथे उभा राहिला, हात कुठे ठेवावेत कळत नाही तसा.

सिस्टर छताकडे बघत बोलल्या, "भांडण झालं असेल ना माझ्यावरून? हा म्हणाला असेल माझ्याकडे, तो म्हणाला असेल माझ्याकडे. म्हणून मध्ये."

थोरल्याच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू येत होतं म्हणालो तर खोटं वाटेल.

मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "मिस्त्री, दोघांनी मिळून सांगितलं ना असं करायला?"

आयुष्यभर मी थापा मारत आलोय. तोंडावरची माशी हलू न देता. त्या दिवशी पहिल्यांदा थाप गळ्यातून ओढून काढावी लागली.

"हो सिस्टर. दोघांनी."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटले. "जरा पडते. जिन्याने दम लागला."

धाकटी पलीकडे गेली आणि पायांवर पांघरूण घातलं. थोरली आत गेली ती जेवायच्या वेळेपर्यंत नवऱ्याशी बोलली नाही, असं नंतर कळलं. मामा माझ्याजवळून जाताना म्हणाले, "तुला लाज नाही." मी म्हणालो, आहे. ते खरं होतं आणि नवीन होतं.

खाली रस्त्यावर दोघा भावांनी मला गाठलं. थोरला पहिल्यांदा मोठ्याने बोलला. "काढ ते."

"काढतो. तुम्ही आईला सांगा, मी काढतो."

थोरल्याने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने रस्त्याकडे. काय सांगणार? काढा म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, मग मी कुठे. तो प्रश्न कोणालाच पुन्हा ऐकायचा नव्हता. मलाही.

पलंग तसाच राहिला. गल्लीत बातमी पसरली. लोक मला टाळ्या द्यायला यायचे, मिस्त्री, हा तर कळस केलात, सांगा ना कसं केलंत. मी म्हणायचो, गिऱ्हाईक आहे समोर, नंतर. मेव्हण्याने चपलांचा सूड म्हणून चारचौघांत विचारलं, "दाजी, तुमच्या म्हातारपणी कोणाची भिंत कापायची?" सगळे हसले. मी पण तोंड हसल्यासारखं केलं. बायको ताट वाढत होती, तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग एका सकाळी धाकटी वहिनी दुकानात आली.

"मिस्त्री, भोक वाढवून द्या. आई उठून बसल्या की डोकं वरच्या फळीला लागतं."

मी टेप उचलला आणि निघालो, पण दुकानाच्या पायरीवरच थांबलो. कारण मला तिथेच कळलं. झोपलेल्या माणसाचं माप मी घेतलं होतं. उठून बसलेल्या माणसाचं घेतलंच नव्हतं. नवशिकासुद्धा खाट करताना माणूस बसवून बघतो. मी बघितला नाही, कारण मी खाट करतच नव्हतो. विनोद करत होतो, आणि विनोदात कोणी उठून बसत नाही.

गेलो तर सिस्टर पलंगावर बसलेल्या, भिंतीच्या जरा अलीकडे, मान वाकवून. भोकाच्या वरच्या कडेला त्यांनी जुना टॉवेल गुंडाळला होता आणि वरून बँडेज बांधलं होतं. हॉस्पिटलमध्ये बांधतात तसं, पट्टीवर पट्टी, शेवटी छोटीशी गाठ. माझ्या फळीला मलमपट्टी. त्यांच्या कपाळावर, केसांच्या कडेला, टेंगूळ होतं. जुनं पिवळं आणि त्याच्यावर नवं निळं.

"सिस्टर, आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला बोलवायचं म्हणजे पोरं घाबरतात. त्यांना वाटतं तुम्ही काहीतरी बोलाल."

मी टेप उघडला, बंद केला. घरात दुसरं कोणी जवळ नव्हतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मिस्त्री, चेष्टा करायची तर मापात करावी."

"म्हणजे तुम्हाला..."

"जिन्यात आवाज फार छान येतो. तुमचा तर खणखणीत." त्यांनी बँडेजची गाठ जरा घट्ट केली. "माझी सगळी नोकरी हे सांगण्यात गेली की बेड रिकामा नाही. लोक रडायचे, शिव्या द्यायचे. पण सांगताना आम्ही समोरच्याच्या तोंडाकडे बघायचो हो. यांनी तुमच्याकडून सांगवलं."

"सिस्टर, मी..."

"तुम्ही त्या दिवशी हो म्हणालात ते बरं केलंत. पोरांची अब्रू राहिली. त्यांना अजून वाटतंय मला काही कळलं नाही. तसंच राहू दे."

"माझी नाही राहिली."

"तुमची कधी होती?" असं म्हणून त्या हसल्या, खरंच हसल्या, टेंगळासकट. एवढा चांगला टोला मला कोणी मारला नव्हता. एरवी मी टाळी दिली असती. हात वर झालाच नाही.

"सगळी भिंतच काढतो वरपर्यंत," मी म्हणालो. "पैसे नकोत."

"नको. त्यांना भिंत हवीय. कापा फक्त लागेल तेवढी." मग त्यांचा आवाज बदलला, ड्युटीवरचा झाला. "पण माप माझं नका घेऊ. मी आहे बुटकी, मला थोडंसं पुरेल. उद्या मला उचलायची वेळ येईल. खांद्याकडे एक लागतो, पायांकडे एक. दोघांना आत वाकावं लागेल. त्यांचं माप घ्या."

आणि त्यांनी हाक मारली. अलीकडून थोरला आला, भिंगाची वाटी कपाळावर सरकवलेली. पलीकडून धाकटा आला. मला बघून दोघेही जागेवरच थबकले.

"या इकडे," सिस्टर म्हणाल्या आणि आडव्या झाल्या. "थोरल्या, खांद्यांखाली हात घाल. असा नाही, पूर्ण आत. धाकट्या, तू गुडघ्यांखाली. हं. आता दोघे माझ्या कमरेपर्यंत आत या. मिस्त्रींना माप घ्यायचंय."

भोक ठेंगणं. आत यायचं तर वाकावंच लागत होतं. थोरला अलीकडून वाकला, धाकटा पलीकडून, आणि दोघांची डोकी आईच्या पोटावर जवळजवळ टेकली. किती दिवसांनी दोघे एवढे जवळ आले असतील देव जाणे. ना एकमेकांकडे बघितलं ना तिच्याकडे. दोघेही चादरीकडे बघत राहिले. धाकट्याचा उजवा पाय फरशीवर दाबलेला मला पलंगाखालच्या फटीतून दिसत होता.

"उचलू का?" थोरल्याने विचारलं, नेहमीपेक्षाही हळू.

"आत्ता नको. आत्ता नुसते राहा असेच," त्या म्हणाल्या. "माप होऊ दे. मिस्त्री, घाई करू नका. या वेळी नीट घ्या."

मी टेपचं टोक वरच्या फळीला लावलं आणि आकडा वाचायला खाली वाकलो. आकडा काही केल्या दिसेना. टेप पुसला, पुन्हा वाकलो. ते दोघे तसेच होते.